बाविसावा गाव-नमुना

नागपूर आणि वर्धा या दोन शहरांच्या दरम्यान टेकडीच्या पायथ्याशी वसलेले केळझर हे गाव, टेकडीवरच्या सिद्धिविनायकामुळे आणि महाभारतातली एकचक्रा नगरी ती हीच, भीमाने बकासुराला मारले ते इथेच, या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या श्रद्धेमुळे पंचक्रोशीबाहेरही सुपरिचित आहे. किल्ल्याचे भग्नावशेष, देवालयाची प्राचीनता आणि वाकाटककालाशी तिचा जोडला जाणारा संबंध यांविषयी अधिकारी माणसांनी लिहिले आहे आणि पुढेही लिहितील. माझ्या आजच्या लेखाचा विषय त्या मानाने अगदी अलीकडचा आणि, खरे सांगावयाचे तर, काहीसा चिखलाने माखलेला आहे: केळझरसारख्या गावाच्या जमिनीखाली, हात-दोन हात किंवा फार तर पुरुषभर खोलीवर, गेल्या साठ-सत्तर वर्षांत जे जे पुरले गेले आणि आजही पुरले जात आहे, ते नेमके कोठे आहे हे सांगणारे दप्तर कोणापाशी आहे?

गावठाणातली कोणतीही एक गल्ली घ्या. जुन्या नळयोजनेची लोखंडी नळी, ती गंजली म्हणून तिच्या शेजारून टाकलेली प्लॅस्टिकची दुसरी, 15 ऑगस्ट 2019 रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनात घरोघर नळ देताना आलेली तिसरी. केव्हाच मुक्या झालेल्या दूरध्वनीची तांब्याची तार. ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत भारतनेटने आणलेला काचतंतू आणि त्याच्यामागोमाग खासगी कंपन्यांचे. असा सारा गोतावळा तीन-चार मीटर रुंदीच्या रस्त्याखाली दाटीवाटीने नांदत असतो. शिवारात गेलो तर विहिरीपासून वावरापर्यंत, मधल्या दोन-चार जणांच्या धुऱ्यांखालून नेलेल्या नळ्या आहेत, खांबापासून मोटरीपर्यंत पुरलेल्या केबली आहेत. आणि केळझरच्याच सेलू तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाच्या हद्दीतून 'गेल' या कंपनीची मुंबई-नागपूर नैसर्गिक वायूची वाहिनी नेलेली आहे. रस्ता रुंद झाला की त्याच्या कडेच्या वाहिन्या सरकवाव्या लागतात, आणि सरकवलेल्या वाहिनीचा नवा पत्ता जुन्या नकाशावर क्वचितच चढतो.

पृष्ठभागाविषयी मात्र आपले शासन, पूर्वीचे काय आणि आताचे काय, विलक्षण दक्ष राहिलेले आहे. 1862 मध्ये नागपुरातून वर्धा जिल्हा निराळा काढला गेला, मालगुजारीचा बंदोबस्त झाला, मोजणीदार साखळ्या ओढीत शिवारभर हिंडले, पटवाऱ्याच्या दप्तरात प्रत्येक वावराला क्रमांक आणि प्रत्येक धुऱ्याला जागा मिळाली. पुढे मालगुजारी गेली, पण मोजणी गेली नाही. आज शेताला सातबारा आहे, घराला ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे, आणि 24 एप्रिल 2020 पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेखाली ड्रोन उडवून गावठाणातल्या घराघराची चतुःसीमा मुकरर करून मिळकतपत्रिका देण्याचा उद्योग चालू आहे. ओट्याच्या वीतभर जागेवरून पिढ्यान्‌पिढ्या दिवाणी दावे लढविणाऱ्या समाजाला ही दक्षता आवश्यकच होती.

भूमीखालच्या वस्तूंची दखल या दप्तरात मुळीच नाही असेही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 49 अन्वये दुसऱ्याच्या शेतातून पाण्याची वाट नेण्याची परवानगी तहसीलदार देतात, आणि ती वाट जमिनीखालच्या नळीची असेल तर नळी निदान अर्धा मीटर खोल असावी अशी अटही कायद्याने घातलेली आहे. वायूच्या आणि खनिज तेलाच्या वाहिन्यांसाठी 1962 चा निराळा कायदा आहे. त्याखाली जमीन मूळ मालकाचीच राहते, सरकार केवळ वापराचा हक्क संपादन करते, आणि त्या पट्ट्यात पेरणी करावयास मुभा असली तरी घर, विहीर, तलाव वा झाड यांस मज्जाव असतो. असे हक्क सातबाराच्या 'इतर हक्क' या रकान्यात चढतात. परंतु त्या रकान्यात एक ओळ असते, रेघ नसते. बोजा कोणाच्या जमिनीवर आहे एवढे तो रकाना सांगतो; नळी पूर्वेच्या धुऱ्यापासून किती हातांवर आहे, आंब्याच्या अलीकडून गेली की पलीकडून, याविषयी त्याचे मौन असते. परवानगीच्या दिवशी अर्धा मीटर खोल असलेली नळी वीस पावसाळ्यांनी वाहून नेलेल्या मातीनंतर आणि एका सपाटीकरणानंतर ट्रॅक्टरच्या नांगराच्या फाळाला भेटते, तेव्हा शेजारी-शेजारी पोलीस ठाण्यात जातात आणि दोघांपाशीही दाखविण्यासारखा कागद नसतो.

वाहिनी पुरली जाते त्याच दिवशी ती हरवते. अंदाजपत्रकाला जोडलेल्या नकाशावर रस्त्याच्या एका कडेने सरळ रेघ ओढलेली असते. प्रत्यक्ष खोदू लागल्यावर कोठे काळा पाषाण लागतो, कोठे कोणाचा ओटा आडवा येतो, कोठे 'माझ्या दारात खोदायचं नाही' म्हणून घरधनी कमरेवर हात देऊन उभा राहतो, कोठे तर जुनीच नळी वर येते. आणि ठेकेदाराचा मुकादम चर दोन हात अलीकडे घेतो किंवा रस्ता ओलांडून पलीकडे नेतो. यात गैर काही नाही, काम असेच होते. मग कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिका घेऊन येतो. या पुस्तिकेविषयी आमच्या बांधकाम खात्याच्या परंपरेत मोठा आदर आहे व तो यथायोग्य आहे, कारण तिच्यातल्या आकड्यांवर देयक निघते: चराची लांबी, रुंदी, खोली आणि त्यांचा गुणाकार, मुरूम किती घनमीटर, पाषाण किती, नळी किती मीटर, सांधे किती. पैशाला लागतात तेवढी सर्व मापे तीत दशांशापर्यंत असतात. चर ग्रामपंचायतीच्या भिंतीपासून किती अंतरावर होता हे माप कोणाच्याच देयकाला लागत नाही, म्हणून ते कोणी घेत नाही. संध्याकाळपर्यंत चर बुजतो. पुढच्या वर्षी वरून सिमेंटचा रस्ता होतो, काही वर्षांनी त्यावर आणखी एक थर चढतो. मीटरभर खोल असलेली नळी रस्त्याच्या नव्या माथ्यापासून सव्वा मीटर खाली जाते, आणि 'मीटरभर खाली आहे' एवढीच कोणाच्या लक्षात राहिलेली गोष्टही खोटी ठरते.

पुढचा प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. कोणत्या तरी नव्या कामावर जेसीबी येतो. त्याचे भाडे तासावर चालते, तेव्हा त्याच्या चालकाने घटकाभर थांबून विचार करावा ही अपेक्षा व्यवहाराला सोडून आहे. पंजाचे दात जमिनीत शिरतात, काळ्या ढेकळांबरोबर नळीचा फाटका तुकडा वर येतो आणि त्याच्यामागून पाणी. कधी पाणी येत नाही. अंगठ्याहून थोडी जाड अशी एक नळी ताणली जाऊन आतल्या काचतंतूंसह तुटते, चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही, आणि दाखला काढावयास ग्रामपंचायतीत बसलेल्या म्हाताऱ्याला 'लिंक नाही, उद्या या' एवढे उत्तर मिळते. वीजवाहिनीला दात लागला तर माणूसच दगावण्याचा संभव. देशभरात काचतंतूच्या तारा तुटण्याचे प्रकार वर्षाकाठी सुमारे 10 लाख होतात आणि त्यापायी होणारे नुकसान 3,000 कोटी रुपयांच्या घरात जाते, हा केंद्राच्या दूरसंचार विभागाचाच हिशेब आहे. हे खेड्यांचे मागासलेपण म्हणावे, तर अभियंत्यांचा सुकाळ असलेल्या मुंबईत 2023 च्या नोव्हेंबर अखेरीस मेट्रोच्या कामाचे छिद्रण करताना वेरावली जलाशयाजवळची 1,800 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी, म्हणजे जिच्यात माणूस ताठ उभा राहू शकेल अशी नळी, फुटली आणि अंधेरीकडच्या वस्त्यांचे पाणी काही दिवस विस्कळीत झाले.

सरकार या बाबतीत स्वस्थ बसलेले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. भारतीय तार (पायाभूत संरचना सुरक्षा) नियम, 2022 यांनी खोदणाऱ्यावर आगाऊ सूचना देण्याचे बंधन घातले, आणि 22 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते 'कॉल बिफोर यू डिग' या नावाचे मोबाइलवरचे साधन देशाला अर्पण झाले. दूरसंचार विभाग आणि गांधीनगरची भास्कराचार्य संस्था यांनी ते सिद्ध केले आहे. खोदणाऱ्याने आपली जागा नकाशावर दाखवावयाची, तिथे ज्यांच्या वाहिन्या नोंदलेल्या आहेत त्यांना सूचना जाते, आणि उभयतांचा संपर्क घडतो. योजना उत्तम आहे. मात्र ती चालते ती ज्याने आपली वाहिनी नोंदविली आहे त्याच्यापुरती. आणि ज्या ग्रामपंचायतीला आपली नळी कोणत्या कडेने गेली हे स्वतःलाच ठाऊक नाही, तिने नोंदवावयाचे काय? खोदणाऱ्याला 'येथे कोणाचीही वाहिनी नाही' असा अर्थ त्या रिकाम्या नकाशावरून काढण्याची मुभा राहतेच, आणि तो निर्धास्त होऊन खोदतो, हे मागच्यापेक्षाही वाईट.

आता कोणी म्हणेल की विज्ञानाने इतकी प्रगती केली आहे, यंत्र फिरवावे आणि काय ते पाहावे. या यंत्रांविषयी आमच्याकडे एक भाबडा आदर आहे, म्हणून त्यांचे सामर्थ्य आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही थोडी बारकाईने पाहणे इष्ट होईल.

सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत जास्त वापरात असलेले यंत्र विद्युच्चुंबकीय तत्त्वावर चालते. तारेतून वा धातूच्या नळीतून प्रत्यावर्ती प्रवाह वाहू लागला की तिच्याभोवती वर्तुळाकार चुंबकीय क्षेत्र निर्माण होते; हातात धरावयाच्या दांड्यातील वेटोळ्याला ते क्षेत्र जाणवते आणि यंत्र गुणगुणू लागते. वेटोळे आडवे आणि वाहिनीला काटकोनात असेल तर ऐन वाहिनीवर आवाज सर्वांत मोठा. उभे असेल तर ऐन वाहिनीवर आवाज शून्य. अनुभवी माणूस दोन्ही रीतींनी जागा काढतो आणि दोन्ही जागा एकच आल्या तर तिथे चुना टाकतो; त्या हातभर अंतराने निराळ्या आल्या तर शेजारी दुसरी वाहिनी आहे आणि ती क्षेत्र विकृत करते आहे, असे समजून सावध होतो. नुसते 50 हर्ट्‌झचे विजेचे गुंजन ऐकून वीजवाहिनी शोधता येते खरी, परंतु त्या वेळी तिच्यातून प्रवाह वाहत असला पाहिजे. शेतीच्या वाहिनीवर वीज नसण्याच्या वेळेत यंत्र फिरवले तर मोटरीची केबल मुकाट पडून राहते आणि यंत्रही मुकाट राहते. म्हणून प्रेषक जोडून आपणच वाहिनीत विशिष्ट कंप्रतेचा प्रवाह सोडणे श्रेयस्कर. 512 हर्ट्‌झसारखी नीच कंप्रता दूरवर जाते आणि शेजारच्या वाहिनीत सहसा झिरपत नाही. 33 किलोहर्ट्‌झसारखी उच्च कंप्रता बिडाच्या नळीच्या सांध्यातील रबरासारखे अडथळे ओलांडते, पण तितक्याच सहजतेने शेजारणीतही उडी मारते आणि भलतीच रेघ दाखवते. हे तारतम्य यंत्राच्या खोक्यात मिळत नाही. ते चालविणाऱ्याच्या अंगी यावे लागते, आणि त्याला दोन-चार पावसाळे लागतात.

या यंत्राचा खरा पराभव होतो तो प्लॅस्टिकपुढे. जलजीवनची नळी प्लॅस्टिकची, काचतंतूचे वेष्टनही प्लॅस्टिकचे आणि तंतू तर काचेचा. धातू नाही तेथे प्रवाह नाही आणि प्रवाह नाही तेथे गुणगुणही नाही. यावर जगभर जो उपाय करतात तो इतका साधा आहे की तो न करण्याला कारण शोधावे लागते: नळीबरोबर चरात एक बारीक वेष्टित तांब्याची तार सोडावयाची आणि तिची टोके प्रत्येक वॉलच्या कुंडीत वर काढून ठेवावयाची, शिवाय नळीच्या वीत-दीड वीत वर धातूचा पदर असलेली रंगीत इशारा-पट्टी अंथरावयाची. चर खोदण्याला जो खर्च येतो त्यापुढे या तारेचा खर्च नगण्य होय. तार नसेल तर नळीत लवचीक सळई सरकवून तिच्या टोकाचा छोटा प्रेषक वरून ऐकावा लागतो, म्हणजे आधी नळी कोठे तरी उघडावी लागते. किंवा पाण्याचा आवाज ऐकत जावे लागते. तारेची रक्कम अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण ती तार आज कोणाला पाणी पाजीत नाही.

मग रडार. जमिनीत विद्युच्चुंबकीय लहरी सोडून त्यांचा प्रतिध्वनी टिपणारे हे यंत्र, लहान मुलाच्या गाडीसारखे ढकलीत नेले की पडद्यावर नळीच्या जागी कमानी उमटतात, आणि ते धातू-प्लॅस्टिक असा भेदही करीत नाही. ही ख्याती खरी आहे, पण ती वाळूच्या आणि कोरड्या जमिनीच्या देशांतून आलेली आहे. आमची विदर्भातली काळी जमीन कापसाला जितकी अनुकूल तितकीच रडारला प्रतिकूल. तिच्यातील चिकणमातीचे कण पाणी आणि क्षार धरून ठेवतात, त्यामुळे ती वीज वाहून नेते, आणि लहरींची शक्ती तिच्यात झपाट्याने विरून जाते. ओल्या काळ्या मातीत पुष्कळदा हातभर खालचे देखील धड दिसत नाही. काचतंतूची तार नेहमीच्या जमिनीत 165 सेंटिमीटर खोल असावी असा दूरसंचाराचा जुना दंडक आहे; तो जेथे पाळला गेला असेल तेथे श्रावणात रडार घेऊन जाणे व्यर्थ होय.

यातला आणखी एक धोका सूक्ष्म असल्यामुळे तो हिशेबानेच दाखवावा लागेल. रडार खोली मोजत नाही, लहर जाऊन परत यावयास लागलेला काळ मोजते. समजा, प्रतिध्वनी 20 नॅनोसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या वीस अब्जांशांनी, परत आला. कोरड्या मुरमात लहरीचा वेग नॅनोसेकंदाला सुमारे 10 सेंटिमीटर असतो, तेव्हा जाण्याचे दहा नॅनोसेकंद धरून नळी 100 सेंटिमीटर खाली आहे असे उत्तर येते. ओल्या काळ्या मातीत तोच वेग 6 सेंटिमीटरांवर उतरतो, आणि तीच नळी वस्तुतः 60 सेंटिमीटरांवर असते. यंत्राला माती कोणती हे माणसाने सांगावयाचे असते. मुंबईहून आलेल्या तंत्रज्ञाने मुरमाचा आकडा तसाच ठेवला, तर चालक 'अजून हातभर जागा आहे' या समजुतीने पंजा खाली नेतो. केळझरची जमीन तर टेकडीच्या पायथ्याशी मुरमाड आणि खाली सपाटीवर काळी. एकाच नळीच्या वाटेवर हे दोन्ही वेग भेटावयाचे. शिवाय काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, वरचे खुणेचे दगड कलंडतात. आणि एकदा कलंडलेला दगड वखराच्या पाळीला आडवा येतो म्हणून शेतकरी तो उचलून धुऱ्यावर ठेवतो, ज्यात त्याला दोष देता येत नाही, पण ज्यानंतर तो दगड नुसता गप्प राहत नाही, उलट खोटे सांगू लागतो. रडार या सर्वांपुढे धुक्यातल्या कंदिलासारखे आहे: निरुपयोगी नव्हे, पण त्याच्या भरवशावर धावू नये.

येथे पाणाड्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. विहिरीची जागा दाखविण्यासाठी बेचकीची फांदी घेऊन फिरणारा, तळहातावर नारळ उभा करणारा पाणाड्या आमच्या सर्व जिल्ह्यांत आहे, आणि नळी शोधण्यासाठी दोन तारा काटकोनात वाकवून हाती धरणारे गडीही ठेकेदारांच्या टोळ्यांत आढळतात. त्यांची थट्टा करण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे की 2017 मध्ये इंग्लंडात चौकशी झाली तेव्हा बहुतेक पाणीपुरवठा कंपन्यांनी आपले काही कामगार अजूनही अशा तारा वापरतात अशी कबुली दिली होती. परंतु परीक्षाही झालेली आहे, आणि ती नेमकी याच विषयाची. 1990 मध्ये जर्मनीतील कासेल येथे जमिनीखाली अर्धा मीटर खोल प्लॅस्टिकची नळी पुरून तीतून पाणी वाहते आहे की नाही एवढेच सांगावयास तिसेक पाणाड्यांना बोलाविले. त्यांनी आधी शंभर टक्क्यांची हमी दिली आणि त्यांची उत्तरे नाणे उडवून मिळावीत तितकीच बरोबर आली. गावात तारा वळतात त्या जागी नळी सापडते याचे कारण असे की वॉलची कुंडी, रस्त्यावरचे ठिगळ, ओल धरलेला कोपरा हे सर्व त्या गड्याच्या डोळ्यांनी आधीच टिपलेले असते. श्रेय तारांना जाते. त्याच्या निरीक्षणाला ते मिळाले असते तर मला अधिक आनंद झाला असता.

अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने 2002 मध्ये या ज्ञानाच्या चार प्रती ठरवून दिल्या. जुन्या कागदांवरून वा कोणाच्या आठवणीवरून कळलेले ते सर्वांत कनिष्ठ. वर दिसणाऱ्या कुंड्या, खांब यांची मोजणी करून त्याला दिलेली पुष्टी त्याच्या वरची. यंत्राने शोधलेले तिसरे. आणि हाताने, जपून, खड्डा घेऊन डोळ्यांनी पाहिलेले व मोजलेले सर्वश्रेष्ठ. नेदरलँड्समध्ये तर 2008 पासून यंत्राने खोदणाऱ्याला आधी नकाशे मागविणे आणि वाहिनीवाल्याला ते पुरविणे ही दोन्ही कायद्याने सक्तीची आहेत. वायूच्या बाबतीत हे कसे जिवावर बेतते याचा पुरावा तैवानमधील काओशुंग शहराने दिला: तेथे जुन्या वायुवाहिनीभोवतीच गटाराचे बांधकाम करून टाकलेले होते, दमट हवेत ती वर्षानुवर्षे गंजत राहिली, आणि 31 जुलै 2014 च्या रात्री रस्तेच्या रस्ते उडून 32 माणसे मेली. समृद्धीच्या हद्दीतली वाहिनी नवी आहे आणि तिच्या मालकापाशी तिचे नकाशे आहेत, याचे समाधान मानून पुढे जाऊ.

त्या चार प्रतींतील सर्वांत कनिष्ठ प्रत म्हणजे आठवण. आणि आमच्या गावांची सारी मदार तिच्यावर आहे. ती आठवण गावच्या नळवाल्याच्या डोक्यात असते. ग्रामपंचायतीच्या अत्यल्प मानधनावर पहाटे वॉल उघडणारा आणि दुपारी बंद करणारा हा माणूस कोणत्या गल्लीला किती वेळ पाणी द्यावयाचे हे जसे जाणतो, तसेच कोणता वॉल किती आट्यांवर घट्ट होतो, कोणत्या वळणावर दोन नळ्या एकमेकींवरून गेल्या आहेत, कोणाच्या न्हाणीखाली जुनी तोटी नुसती खुंटी ठोकून बंद केली आहे, हेही जाणतो. गळती कोठे आहे हे तो वॉलच्या लांब चावीचे एक टोक खाली आणि दुसरे कानाला लावून ऐकतो. हीच रीत परदेशांत ध्वनीच्या यंत्राने करतात. त्याला विचारल्यावाचून गावात कोणी खोदीत नाही, असे गावकरी अभिमानाने सांगतात. बाहेरचा ठेकेदार मात्र त्याला विचारीत नाही, कारण त्याच्या निविदेत नळवाल्याचा उल्लेख नसतो. आणि नळवाला साठीला येतो, आजारी पडतो, मुलाकडे पुण्याला जातो.

माझी सूचना अशी की, महसूल खात्याचे गाव-नमुने एकवीस आहेत, तेथे बाविसावा सुरू करावा. गावाच्या भूमीखाली जे आहे त्याचा. त्याचे रकाने अवघड नाहीत: वाहिनी कशाची, कोणाची, कोणत्या पदार्थाची, किती व्यासाची, कोणत्या तारखेस पुरली, आणि दर वळणावर, दर सांध्यावर दोन अचल खुणांपासून, म्हणजे देवळाचा कोपरा, सार्वजनिक विहिरीचा कठडा, शाळेची भिंत अशा न हलणाऱ्या वस्तूंपासून, टेपने घेतलेली अंतरे. खोली रस्त्याच्या माथ्यापासून न धरता अशाच एखाद्या पायरीच्या पातळीपासून धरावी, म्हणजे रस्ते चढले तरी माप बिघडणार नाही. ही मापे चर उघडा असताना घ्यावयाची, अंदाजपत्रकाच्या नकाशावरून उतरवून काढावयाची नाहीत; आणि ती मोजमाप पुस्तिकेत चढल्यावाचून ठेकेदाराचे अखेरचे देयक मंजूर होऊ नये. नोंद पैशाला बांधल्यावाचून ती होणार नाही, इतका अनुभव आपल्या सर्वांना आहे. चरात टेप धरून उभ्या राहिलेल्या दोघांना पाव तासात जे साधते, ते चर बुजल्यानंतर लाखो रुपयांच्या यंत्रालाही शंकेवाचून साधत नाही.

जुन्या वाहिन्यांसाठी यंत्र लागेलच. पण ते प्रत्येक गावाने घेण्याचे कारण नाही. पंचायत समितीत एक विद्युच्चुंबकीय शोधक आणि तो चालविणारा, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून शिकून आलेला एक माणूस असला आणि तो गावोगाव नळवाल्याबरोबर फिरला, तर आठवणीची रेघ यंत्राने पडताळून पाहता येईल आणि जेथे दोघांचा मेळ बसत नाही तेवढ्याच जागी कुदळीने चाचणी-खड्डा घेता येईल. रडार घ्यावयाचेच असेल तर ते जिल्ह्याला एक पुरे, आणि त्याने काळ्या शिवारात उन्हाळ्यातच बाहेर पडावे.

यावर आक्षेप येतील. वाहिन्यांचे नकाशे उघड झाले तर तांबे चोरणाऱ्यांचे फावेल, असे एक अधिकारी मत मी ऐकलेले आहे. चोराला तांबे कोठे आहे हे आजही ठाऊक असते. ठाऊक नसते ते ग्रामपंचायतीला. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: आधीच नमुन्यांच्या आणि दाखल्यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या माथी आणखी एक वही मारावयाची काय? हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच वही भरण्याचे काम ज्याने पुरले त्याचे असावे, ग्रामपंचायतीने केवळ चर बुजण्यापूर्वी ती तपासून सही करावी. कंपनी असो, खाते असो वा आपल्या वावराला पाणी नेणारा शेतकरी असो, सर्वांस नियम एकच. शेतकऱ्याच्या बाबतीत कलम 49 च्या आदेशालाच असा एक कच्चा नकाशा जोडून तो फेरफाराबरोबर तलाठ्याच्या दप्तरी ठेवण्यास आजही कोणत्या नव्या कायद्याची गरज दिसत नाही. तहसीलदारांनी मनावर घेतले म्हणजे झाले.

सरकारने बाविसावा नमुना काढेपर्यंत थांबण्याचेही कारण नाही. केळझरच्या किंवा कोणत्याही गावच्या ग्रामसभेला पुढच्याच बैठकीत असा ठराव करता येईल की, या गावच्या हद्दीत ना-हरकत दाखला घेऊन जो कोणी खोदील त्याने चर बुजण्यापूर्वी मापे लिहून द्यावीत. ठरावाचा मसुदा अर्ध्या पानात मावतो. त्यात एक कलम मात्र आठवणीने घालावे: जुन्या वाहिन्यांची माहिती लिहून घेताना नळवाल्याचे नाव माहिती देणारा म्हणून वहीच्या पहिल्या पानावर यावे, आणि जितके दिवस तो गावभर फिरून सांगेल तितक्या दिवसांची मजुरी ग्रामपंचायतीने त्याला मानधनाव्यतिरिक्त, कुशल कामगाराच्या दराने द्यावी.